सीडची रांग

माझी अर्धी नोकरी बुलढाण्याच्या एका दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीसमोर गेली. मी परिचारिका, पण खिडकीपाशी ढकलाढकली सुरू झाली की मलाच बोलावतात. मी आवाज चढवत नाही. जन्मात कधी चढवला नाही. नुसतं बघते, रांग सरळ होते. त्यामुळे रांग मोडणाऱ्या माणसाबद्दल मला दयामाया नाही, हे आधीच सांगून टाकते. कारण ज्या माणसावर मी त्या दिवशी सर्वांत जास्त चिडले त्याने रांग मोडलीच नव्हती. चिडायला हक्काचं कारण नसलं की जास्तच चीड येते.

यंदा मे संपता संपता आमच्या गावात महिलांची आंतरराष्ट्रीय टेनिस स्पर्धा भरली. बुलढाणाच का, तर म्हणे घाटावरचं गाव, हवा बरी. पहिल्याच दिवशी दोन परदेशी मुली डोक्यावर बर्फाच्या पिशव्या घेऊन बसल्या आणि हवा बरी म्हणणारा माणूस काही पुन्हा दिसला नाही. पण त्या स्पर्धेत माझी मुलगी होती. प्रतीक्षा सरकटे. तिला वाइल्ड कार्ड मिळालं होतं, म्हणजे नंबरात बसत नसली तरी यजमान गावची पोरगी म्हणून खेळायला दिलेली जागा. ती पहिला सामना जिंकली आणि दुसऱ्यात तिची गाठ थेट टॉप सीडशी पडली. सीड म्हणजे मानांकन मिळालेली खेळाडू, एवढं मला मुलीमुळे माहीत झालं होतं. गावाला माहीत व्हायचं होतं.

प्रतीक्षाने घरच्यांसाठी मिळालेला एकुलता एक पास माझ्या हातात ठेवला आणि बजावलं, "आई, तू ये. पन आबाले आनू नको."

आबा म्हणजे माझे सासरे, जानराव. मुक्काम धाड. धाडच्या मिरची बाजारात त्यांनी उभी हयात हर्रास पुकारला. ढिगाशी उभं राहून बोली लावायची, "एक वार, दोन वार, तीन वार" म्हणायचं आणि माल सोडायचा. त्यांचा आवाज बाजारातून सुटला की शाळेत पोरांचा पाढा चुकायचा. गेल्या वर्षी ते अकोल्याला प्रतीक्षाचा सामना बघायला गेले. तिची पहिली सर्व्हिस जाळ्यात गेली, मैदान शांत, आणि आबांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "एक वार!" सगळे वळले. प्रतीक्षाची दुसरी सर्व्हिसही जाळ्यात; डबल फॉल्ट, गुण गेला. आबा म्हणाले, "दोन वार!" पंचाने खुर्चीवरून उतरून त्यांना बाहेर काढलं. प्रतीक्षा हरली, आणि त्या दिवसापासून आबांना टेनिसची बंदी झाली.

म्हातारा वरून हसायचा. आतून खचला होता. नातीला पहिली रॅकेट त्यांनी आणून दिली होती. धाडच्या शाळेच्या भिंतीवर ती चेंडू मारायची तेव्हा हे सावलीत बसून मोजायचे. पहिला सामना त्यांनी धाडला बसून फोनवर माझ्याकडून ऐकला. दुसऱ्याला मात्र राहवलं नाही. सकाळी दार उघडते तर पहिल्या जीपने येऊन उभे.

"आबा, प्रतीक्षानं तुमाले येऊ नका म्हनलं होतं."

"मी प्रतीक्षाकडे नाही आलो. मी तिकिटाच्या रांगेत लागाले आलो. तिकीट काढून पाह्यते ते पब्लिक असते. पब्लिकले कोनी नाही म्हनत नाही."

"अन् तोंड?"

त्यांनी गळ्यातला दुपट्टा तोंडावरून घेतला आणि मानेमागे गाठ मारली. मग हाताने खूण केली, चल.

तिकीट फुकट होतं, पण माणशी एक, आणि बसायची जागा म्हणजे एक लहानसा मांडव. सकाळी खिडकी, संध्याकाळी सामना. आम्ही पोचलो तेव्हा खिडकीपासून भिंतीच्या कडेने रांग लागलेली होती. माणूस एकही नव्हता. चपला होत्या. माणसं समोरच्या लिंबाखाली चहा पीत होती.

आमच्याकडे हा कायदा कोणी लिहून ठेवलेला नाही. खताची रांग असो, बियाण्याची असो, चप्पल ठेवली की नंबर लागला. दुसऱ्याच्या चपलेला हात लावायचा नाही. सरकवायची तर नाहीच नाही. लग्नाच्या मांडवातून चपला चोरीला जातात, देवळाबाहेरून जातात, पण रांगेतली चप्पल गेल्याचं मी ऐकलेलं नाही. आबांनी आपली जोडी शेवटच्या वहाणांमागे ठेवली. त्या वहाणा टायरच्या तळाच्या, भक्कम, मालकासारख्याच फताड्या. मालक लिंबाखालून नजर ठेवून होता.

इतक्यात स्पर्धेचे सचिव रमाकांत आले. निवृत्त प्राध्यापक, बरीच वर्षं पुण्यात काढलेले, बोलणं इस्त्री केलेलं. त्यांनी चपलांची रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

"हे काय आहे? प्रेक्षक कुठे आहेत?"

"चहा प्यायले गेले," मी म्हटलं.

"अहो मॅडम, चपलांना तिकीट देता येणार नाही. माणसं उभी करा."

मी लिंबाकडे नुसतं पाहिलं. सगळे उठले आणि ज्याच्या त्याच्या चपलेत जाऊन उभे राहिले. ना धक्का, ना शिवी. रमाकांतरावांचं तोंड उघडंच राहिलं. "पुण्यात असं होत नाही हो," ते म्हणाले, आणि हे कौतुक होतं की नाही ते त्यांचं त्यांनाच ठरवता येईना.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. घोळ घातला फ्लेक्सने. खिडकीवर मोठा फ्लेक्स होता. 'आज सायंकाळी टॉप सीड' एवढं ठळक, खाली बारीक अक्षरात 'विरुद्ध वाइल्ड कार्ड'. फ्लेक्स बनवणाऱ्याकडे या दिवसांत बियाणे कंपन्यांचंच काम असतं. त्याने 'सीड' वाचलं आणि शेजारी नेहमीचं चित्र टाकून दिलं: काळी माती, आणि तिच्यातून वर आलेला दोन पानांचा हिरवागार कोंब. टेनिसच्या फ्लेक्सवर रॅकेट नव्हती, कोंब होता.

मृगाच्या तोंडावर, बुलढाणा जिल्ह्यात, भिंतीला रांग आणि वर लिहिलंय टॉप सीड. मग काय विचारता? रस्त्याने जाणारा मोटारसायकल थांबवायचा, पायातली चप्पल काढायचा, शेवटी ठेवायचा, आणि मग विचारायचा, "काय भेटून राह्यलं भाऊ?" रांग हमरस्त्यावर जाऊन वळली. आबांच्या पुढे उभे होते त्यांतलेही निम्मे असेच आलेले होते.

आबांच्या पुढचा तो टायरच्या वहाणांवाला मागे वळला. उंचापुरा, मिशीवाला, खांद्यावर घडी केलेलं रिकामं पोतं. "उत्तमराव," त्याने स्वतःच सांगितलं, "देऊळगाव राजाकडचा." ते बोलण्यावरूनच कळलं असतं. तिकडे जालन्याचा वारा लागतो, आमचं 'मले' तिकडे 'मला' होतं.

"का हो बाबा, हे सीड मिरचीचंच आहे ना?"

आबांचं तोंड बांधलेलं. सराव चालला होता. पण मिरची शब्द कानावर पडला आणि म्हाताऱ्याला आपला बाजार आठवला. त्यांनी जोरात मान हलवली.

"बाहेरच्या देशाची कंपनी म्हनं?"

आबांना आठवलं, स्पर्धा आंतरराष्ट्रीय आहे. मान हलली.

"अन् ते वाइल्ड कार्ड लागतं का? माझ्याजवळ आधार आहे फक्त."

वाइल्ड कार्ड! आपल्या नातीचं! आबांनी छातीवर हात ठेवला आणि दोनदा मान हलवली. उत्तमराव काळजीत पडला. पुढच्याला विचारू लागला, त्याने त्याच्या पुढच्याला विचारलं, आणि सगळी रांग खिसे चाचपू लागली. मी त्या वेळी दवाखान्यात सुट्टीचा फोन करायला बाजूला गेले होते; हे सगळं मागाहून दोघांकडून ऐकलं. मी तिथे असते तर ही वेळ आली नसती. पण नव्हते.

मी परत आले तेव्हा उत्तमराव खिडकीतून तिकीट घेऊन वळत होता. त्याच्या मागे आबांनी खिडकीत हात घातला आणि आतून पाटी लागली: तिकिटे संपली.

आबांनी दुपट्टा ओढून काढला. सकाळपासून कोंडलेला आवाज एकदम बाहेर आला. "अबे माही नात खेळून राह्यली ना आत!" लिंबावरचे कावळे उडाले. खिडकी उघडली नाही.

मी उत्तमरावला गाठलं. "भाऊ, तुमी जे समजून राह्यले ते हे नाही. हे टेनिसचं तिकीट हाय. या म्हाताऱ्याची नात खेळनार हाय. तुमाले याचा काई उपेग नाही."

त्याने तिकीट बंडीच्या आतल्या खिशात घातलं आणि वर हात ठेवला. "बाई, एवढा वेळ याच बाबानं मुंडी हालवू हालवू सीड हाये म्हनून सांगितलं. आता माझं टोकन दिसलं तं टेनिस झालं व्हय? मागल्या साली एकजन असंच म्हनला, रांग केरोसिनची आहे म्हनून. मी निघून गेलो अन् बी संपलं."

"अहो, खरंच टेनिस हाय."

"मंग ते काय?" त्याने फ्लेक्सवरचा कोंब दाखवला. "अन् ते काय?" मैदानाभोवती उंच हिरवी जाळी बांधली होती.

"ती वाऱ्यासाठी. अन् चेंडू नीट दिसावा म्हनून."

उत्तमराव माझ्याकडे बघून हसला. कीव आल्यासारखा. "बाई, मी बीजोत्पादन करतो. शेडनेटमधी जिंदगी गेली माझी. शेडनेट कशाला लावतेत हे मला नका सांगू."

माझं डोकं फिरलं. मी त्याच्याकडे माझ्या पद्धतीने बघितलं. त्याच्यावर काडीचा परिणाम झाला नाही. रांगेत उभं राहून, हक्काने नंबर लावून घेतलेलं तिकीट होतं. तो का म्हणून नजर झुकवेल?

आबा माझ्या पर्सकडे बघत होते. पर्समध्ये पास होता. ते मागणार नव्हते, हे मला माहीत होतं. आणि मी देणार नव्हते, हे त्यांना माहीत होतं. थंडीच्या दिवसांत अंधारात उठून त्या पोरीला सरावाला नेलंय मी. तिचे वडील, धम्मदीप, नोकरीपायी नागपुरात. सगळं माझ्या अंगावर. सून म्हणून मी या घराला बाकी सगळं दिलं. पास देणार नव्हते.

"तू जाय," आबा म्हणाले. "मी अथीच बसतो जाळीपाशी. आवाज तं येईन."

संध्याकाळी मांडव गच्च भरला. निम्म्या लोकांच्या मांडीवर पोती होती. आणि माझं नशीब असं की शेजारी कोण, तर उत्तमराव. खेळाडू सराव करत होत्या. तो जरा वेळ बघत बसला, मग कोपर टेकवून म्हणाला, "का हो बाई, सीड कधी येतं?"

"आलं हाय. थे पाहा, उंच पोरगी. दिल्लीची. एक नंबरची सीड."

त्याने त्या मुलीकडे बघितलं. मग मांडीवरच्या पोत्याकडे. मग पुन्हा मुलीकडे. त्याच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट हळूहळू उगवत गेली. मागच्या रांगांमध्येही तेच चाललं होतं. कुजबुज, मग एक हासू, मग कोणीतरी कोणाला तरी घातलेली शिवी. कोणी उठून मात्र गेलं नाही. तिकीट होतं, खुर्ची होती, सावली होती. आपल्याकडे माणूस एवढ्या भांडवलावर काहीही बघतो.

"क्वाएट प्लीज," पंच म्हणाल्या, आणि सामना सुरू झाला.

आता उत्तमरावने समजूतदारपणे गप्प बसावं की नाही? नाही. त्याने बाजू घेतली, आणि घेतली ती टॉप सीडची. तिचा प्रत्येक गुण झाला की टाळ्या, आणि त्याचं बघून मागच्या पोतेवाल्यांच्याही.

"अहो, तिच्यासाठी काऊन टाळ्या वाजवून राह्यले?"

"सकाळपासून सीडसाठी उभा राहिलो मी. आता बाजू कशी बदलू? अन् ती दुसरी तं अनसीडेड म्हनतेत. बियानंच नाही तिथं उगवन काय?"

माझ्या पोटच्या पोरीची उगवण काढली त्याने. प्रतीक्षाने पहिला सेट गमावला. हात आखडला होता तिचा. एवढ्या लोकांत, आपल्याच गावात, आणि सगळे परक्या मुलीसाठी टाळ्या वाजवतात म्हटल्यावर कोणाचा आखडणार नाही? मला रडू यायला लागलं, आणि रडू आलं की मी जास्त स्पष्ट बोलते.

"उत्तमराव, आयका. ती दिल्लीची सीड, कंपनीची. मोठ्या अकॅडमीत तयार झालेली, पाकीटबंद. अन् ही दुसरी माही पोरगी हाय. धाडच्या शाळेच्या भिंतीवर चेंडू मारून शिकली. हिच्यावर कोनाचं लेबल नाही. हे घरचं बियानं हाय."

उत्तमराव पार वळून बसला. "घरचं?"

"घरचं."

"मंग पह्यलं सांगायचं ना, बाई!" त्याला खरंच वाईट वाटलं होतं. "घरच्या बियान्याला कमी नसते म्हनत. निवडून ठेवलेलं असलं तं कंपनीला ऐकत नाही ते." तो उभा राहिला, मागे वळला आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाला, "अरे, ती आखूड केसाची पोरगी घरचं बियानं आहे रे! धाडचं!" पंचांनी त्याला खाली बसायला लावलं, पण बातमी शेवटच्या रांगेपर्यंत गेली. प्रतीक्षाच्या पुढच्या गुणाला मांडव असा वाजला की ती दचकली.

मग उत्तमरावला काहीतरी आठवलं. "अन् तो तोंड बांधलेला बाबा?"

"तिचा आजा."

"कुठं आहे?"

"बाहीर. जाळीपाशी."

खेळाडू बाजू बदलताना तो उठला आणि आपलं तिकीट घेऊन दाराकडे गेला. मला इथून दिसत होतं: तो तिकीट पुढे करतोय, दारावरचा माणूस नाही म्हणून मान हलवतोय. एकदा फाडलेलं तिकीट दुसऱ्याला चालत नाही. उत्तमराव परत आला, पण जागेवर नाही. तो मैदानाच्या कोपऱ्यात गेला, जिथे पलीकडे आबा बसले होते आणि जाळी खालून सुतळीने खांबाला बांधली होती. खाली बसला. त्या गाठीकडे बघून त्याच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू आलं. दोन बोटांनी गाठ सोडली आणि जाळीचा कोपरा वर उचलला.

खालून आबांचं डोकं आत आलं. फक्त डोकं. बाकीचे आबा बाहेर, मातीत पालथे.

दुसऱ्या सेटमध्ये प्रतीक्षा पिछाडीवर होती. नेमका एक चेंडू गडगडत त्या कोपऱ्यात गेला आणि दम खायला म्हणून ती स्वतःच तो आणायला निघाली. ती वाकली आणि तशीच राहिली. तिच्या पायाशी आजोबांचं डोकं होतं. आबांनी एक हात कसाबसा आत ओढला आणि तोंडावर दाबून धरला. डोळे मोठ्ठे. एवढंच सांगत होते: मी बोलत नाही, माय. मी काहीच बोलत नाही.

प्रतीक्षा चेंडू घेऊन परत आली. चेहरा दिसत नव्हता, पण खांदे हलत होते. हसत होती पोरगी. तिथून पुढे तिचा हात मोकळा झाला आणि दुसरा सेट तिने घेतला. पोती हवेत उडाली. रमाकांतराव स्वतः खुर्चीवर उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि जाळीचा उघडा कोपरा त्यांना दिसत असूनही दिसत नव्हता.

तिसरा सेट लांबला. दोघी थकल्या होत्या. शेवटी टॉप सीडला सामना जिंकायला एक गुण हवा होता आणि सर्व्हिस प्रतीक्षाची होती. पहिली सर्व्हिस जाळ्यात गेली. मांडव इतका चूप झाला की बाहेरच्या रसवंतीचे घुंगरू ऐकू येऊ लागले. प्रतीक्षाने चेंडू आपटला, आणि एकदम मान वळवून कोपऱ्याकडे पाहिलं. आबांनी आता दोन्ही हात तोंडावर दाबले होते.

दुसरी सर्व्हिसही जाळ्यात गेली. सामना संपला.

त्या रात्री आबा जेवले नाहीत. प्रतीक्षा इतर खेळाडूंबरोबर मुक्कामाला होती; दुसऱ्या दिवशी तिचा दुहेरीचा सामना होता. मी म्हटलं, आबा, काय सुंदर खेळली ती. ते म्हणाले, "मी डोकं नसतं घातलं तं जिकली असती. शेवटी तिनं माह्याकडेच पाह्यलं. पोरीनं नको म्हनलं होतं मले." मी समजावलं, काही उपयोग झाला नाही. सकाळच्या पहिल्या जीपने ते धाडला परत जाणार होते.

सकाळी मी त्यांना पोचवायला निघाले. जीपचा अड्डा मैदानाच्या पुढे आहे, तेव्हा भिंतीवरून जाणं भागच होतं. आबा मान खाली घालून चालत होते म्हणूनच त्यांना आधी दिसलं. खिडकी बंद होती, लिंबाखाली तुरळक माणसं होती आणि चपलांची रांग लागायला सुरुवात झाली होती. सगळ्यांत पुढे, अगदी खिडकीखाली, चप्पल नव्हती. एक जुना पांढरा टेनिसचा बूट होता.

आबा थांबले. बुटाची टाच उखडलेली होती आणि तिच्यावर सायकलच्या ट्यूबचा काळा तुकडा चिकटवलेला होता. तो तुकडा त्यांनीच धाडला, अंगणात बसून, लावला होता.

"प्रतीक्षाचा हाय," मी म्हटलं. "आबा, तुमच्यासाठी नंबर लावला तिनं. उभे राहा."

ते बुटाकडे बघत राहिले. मग सावकाश आपल्या चपला काढल्या आणि रांगेच्या शेवटी नेऊन ठेवल्या.

"अहो, तिथं काऊन? पहिला नंबर तुमचाच हाय ना!"

"बूट तिचा हाय. दुसऱ्याच्या वस्तूले हात लावाचा नस्ते रांगेत. ज्याचा हाय त्यानं उचलला पायजे."

"तेच तं म्हनतो मी," मागून आवाज आला. उत्तमराव होता. पोतं आणलं नव्हतं, पण टायरच्या वहाणा आबांच्या मागे लागल्या होत्या. "आज तं नक्की टेनिसच आहे ना? काल घरी सांगितलं, कोनी खरं धरलं नाही."

तेवढ्यात फाटकातून प्रतीक्षा आली. पाठीवर रॅकेटची पिशवी. आबांनी तिला पाहिलं आणि हात नकळत तोंडाकडे गेला. तिने येऊन तो हात खाली घेतला.

"आबा, काल तुमी चूप होते न?"

आबांनी मान हलवली.

"एक शब्द नाही बोलले. तरी डबल फॉल्ट झाला. मंग अकोल्याचाही माहाच होता न? मी वर्षभर तुमच्या नावावर टाकून ठेवला." ती सरकट्यांची पोरगी, रडण्याऐवजी वळली, खिडकीखालचा बूट उचलला आणि रिकाम्या झालेल्या जागेकडे हात करून अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं पुकारलं, "जानराव सरकटे, पहिला नंबर! एक वार! दोन वार!"

मग ती थांबली. पुढचं आबांनी म्हणायचं होतं. लिंबाखालची माणसंही वळून बघत होती. आबांनी श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि धाडच्या बाजारात कधी दगा न दिलेला तो आवाज काही केल्या बाहेर येईना. डोळ्यांतून पाणी मात्र आलं. ते नुसते तिच्याकडे बघत उभे राहिले, अनवाणी.

सासऱ्यांसमोर, भर रस्त्यात, जन्मात पहिल्यांदा मी आवाज चढवला. "तीन वार!"